उपाशी गाडीचा काळा धूर

इंदूर,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप शंकररावकाकाजी आणि गयाकाकी यांना पंचशीलचा सविनय जयभीम.

तुम्ही सगळे नागपुरात खुशाल असाल. आम्हीही इकडे खुशाल आहोत असं पुढे लिहिणार होतो, पण मागच्या पत्रात त्याच वाक्याखाली तुम्ही लाल शाईनं रेघ मारून 'हे खरे आहे काय?' असं विचारलं होतं, म्हणून या वेळी ते वाक्य गाळलं आहे. काकीच्या गुडघ्याला तिळाचं तेल लागू पडलं का, ते कळवा. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झाल्याचं आपल्या संघदीपनं तिकडून फोनवर सांगितलं. आता काकाजींना पूर्वीपेक्षा जास्त चुका दिसतात, असंही तो म्हणाला. मला आनंद झाला (आणि जरा धाकही वाटला). तुम्ही दुरुस्त करून परत पाठवलेली माझी एकतीस पत्रं ट्रंकेत जपून ठेवली आहेत. शोभना म्हणते की जगात कोणाचा काका पुतण्याची पत्रं तपासून परत पाठवत नाही. मी तिला सांगितलं की फौजेच्या वर्कशॉपमध्ये आलेली प्रत्येक वस्तू दुरुस्त होऊनच परत जाते, आणि काकाजींची अठ्ठावीस वर्षं महूच्या वर्कशॉपमध्ये गेली आहेत. तेव्हापासून पत्र पाकिटात घालण्याआधी मी ते तीनदा वाचून काढतो.

महूचं नाव निघालं म्हणून आठवलं. १९७६ साली तुम्ही माझ्यासाठी साहेबांकडे शब्द टाकला होता, आणि तुमचा पितळी बक्कलचा पट्टा पॉलिश करून, भिंतीवर टांगून ठेवला होता की पोरगा भरती झाला की त्याच्या कमरेला बांधीन. मी महूला न जाता मिलमध्ये लागलो. मिल म्हणजे परमनंट, असं तेव्हा पाटणीपुऱ्यात लहान मूलसुद्धा सांगत असे. तुम्ही म्हणालात, 'ज्या दिवशी मिल बंद पडेल त्या दिवशी पट्टा मागायला ये.' पुढे दिल्लीत देशाची दारं उघडली असं पेपरात आलं, आणि त्याच वर्षी इकडे आमच्या मिलच्या दाराला कुलूप लागलं (समोरची दारं उघडली की मागचं दार वाऱ्यानं आपटतं, तसं काही झालं असावं). त्याला बारा वर्षं झाली. मी पट्टा मागायला आलो नाही, आणि या पत्रातही तो विषय नाही. सहज आठवण निघाली, एवढंच.

पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की एका गाडीनं माझा जीव नकोसा केला आहे. तुम्ही फौजेच्या शेकडो गाड्या उघडल्या आहेत, म्हणून तुम्हांला विचारतो. (उत्तर लाल शाईत आलं तरी चालेल.)

जुनी इंदूरमध्ये मी आणि हरीनं टाकलेलं गॅरेज तुम्हांला माहीत आहे. हरी मिलमध्ये पिंजण खात्यात होता, मी हवा-पाण्याच्या खात्यात फिटर होतो, आणि कार हा प्रकार आम्ही दोघांनी मिल बंद पडेपर्यंत फक्त बाहेरून पाहिला होता. तरी आमचं बरं चाललं होतं. कार्बोरेटरच्या गाड्यांचं कसं होतं, एक स्क्रू होता आणि एक कान होता. स्क्रू फिरवायचा आणि कान लावायचा. हरीचा डावा कान मशीनच्या खडखडाटानं गेला आहे, पण उजवा अजून तेज आहे, आणि माझं नाक तुम्हांला माहीतच आहे. मग नव्या गाड्या आल्या. त्यांत स्क्रू नाही. त्यांत कंप्यूटर बसवलेला असतो आणि तो कोणाचं ऐकत नाही. त्याच्या मनातलं काढून घ्यायला आम्ही एक स्कॅनर आणला. डबीएवढं मशीन आहे. त्याची वायर गाडीच्या डॅशबोर्डखाली लावली की काचेवर आकडे येतात. हरीनं पहिल्याच दिवशी त्याला लिंबू-मिरची बांधली. मी विरोध केला. आपल्या घरात हे चालत नाही, आणि हे तर विज्ञानाचं मशीन आहे, असं त्याला समजावून सांगितलं. (परवा मिरच्या वाळल्या होत्या त्या मीच बदलल्या. याखाली रेघ मारू नका, मला माहीत आहे.)

आता गाडीवाल्याबद्दल सांगतो. त्यांचं नाव हृषीकेशजी. पुण्याहून बदली होऊन आले आहेत, विजय नगरला काचेच्या इमारतीत कंपनीचं ऑफिस आहे, तिथे सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असते. माणूस अत्यंत सज्जन, पण त्यांचं मराठी इतकं शुद्ध आहे की ते बोलायला लागले की हरी हात पुसून सरळ उभा राहतो. पहिल्या भेटीत ते म्हणाले, 'वाहनाच्या पृष्ठभागातून अनाहूत ध्वनी येतो.' हरीनं माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, 'भिया, पाहुणे येऊन राहिले का यांच्याकडे?' सायलेन्सरचा आवाज येतो, असं त्यांना म्हणायचं होतं, पण आवाज खरं तर पुढून, इंजिनापासून येत होता. ही दिवाळीआधीची गोष्ट. तेव्हा मी मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाच्या चारही तोंडांतून धूर जिथे गोळा होतो तो बिडाचा भाग, काढून त्याच्या सांध्यातली पॅकिंग बदलली होती. बाजारातली पत्र्याची तयार पॅकिंग मला आवडत नाही. मिलचं भंगार विकलं गेलं तेव्हा मी वाफेच्या नळांना लावायच्या शीटची एक गुंडाळी उचलली होती, अस्सल माल आहे, त्यातून हातानं कापून, हातोडीनं कडा ठोकून पॅकिंग तयार केली, जशी मिलचा प्रत्येक फिटर करतो. आवाज बंद झाला. हृषीकेशजी इतके खूश झाले की ते म्हणाले, आमच्या कंपनीच्या अकरा गाड्या आहेत, त्यांच्या देखभालीसाठी मी असाच हात शोधतो आहे.

अकरा गाड्या, काकाजी. त्या दिवशी शोभनानं शिरा केला.

पण दिवाळी संपली आणि तीच गाडी परत आली. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, गाडी पेट्रोल ढोसते, सिग्नलवर उभी राहिली की थरथरते, आणि मागून काळा धूर. हृषीकेशजींनी सांगितलं की येत्या शनिवारी कंपनीचं ठरणार आहे, अकरा गाड्या आमच्याकडे द्यायच्या की शोरूमकडे. त्याआधी त्यांची स्वतःची गाडी नीट झाली तर ते आमचं नाव पुढे करतील. नाही झाली, तर ते कोणत्या तोंडानं बोलणार. त्यांचंही बरोबर आहे. आणि न झाली तर माझं काय होणार तेही ठरलेलं आहे. शोभनाच्या भावाची चौकीदार पुरवणारी एजन्सी आहे, आणि योगायोग पाहा, त्याच काचेच्या ऑफिसच्या गेटवर त्याला एक माणूस हवा आहे. निळा युनिफॉर्म तो घरी ठेवून गेला आहे. शोभनानं तो रेडिओच्या वरच्या खिळ्याला अडकवला आहे, मी बातम्या ऐकायला बसलो की त्याची बाही माझ्या डोक्याला लागते. म्हणजे शनिवारी एवढंच ठरायचं आहे की त्या अकरा गाड्यांचं मी बोनेट उघडणार की फाटक.

आता आजार समजून घ्या. या गाड्यांच्या धुराच्या नळीत बोटाएवढा एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे ते चाखणं एवढंच त्याचं काम. बराच उरला असेल तर तो वर कळवतो की हवा जास्त झाली, पेट्रोल कमी पडलं. मग कंप्यूटर पेट्रोल वाढवतो. आपल्याकडे पंगतीत कोणी नुसती मान हलवली तरी काकी आणखी एक पोळी वाढते, तसंच. किती टक्के जास्त वाढलं किंवा कमी केलं, त्या आकड्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. चांगल्या गाडीत तो शून्याच्या आसपास, दोन-चार इकडे-तिकडे असतो. या गाडीत तो अधिक पंचवीस आहे. त्यापुढे कंप्यूटरचा हातच पोचत नाही, म्हणून तो पिवळा दिवा लावून गप्प बसतो. आणि सेन्सर तरीही सांगतो आहे की इंजिन उपाशी आहे.

उपाशी इंजिनाचा प्लग पांढरट असायला हवा. मी चारही प्लग काढले, ते काजळासारखे काळे. धुराला कच्च्या पेट्रोलचा वास, डोळ्यांतून पाणी येईल इतका. पीयूसीवाल्याच्या मशीननं तर गाडीला सरळ नापास केलं, धुरात पेट्रोल जास्त म्हणून. म्हणजे एक मशीन म्हणतं उपासमार, दुसरं म्हणतं अजीर्ण, आणि माझं नाक दुसऱ्या मशीनच्या बाजूनं. पण माझ्या नाकाला काचेवर आकडे दाखवता येत नाहीत, त्यामुळे त्याचं मत कोणी विचारात घेत नाही. खरं सांगायचं तर मीही घेतलं नाही.

सेन्सर खराब असणार, असं कोणीही म्हणेल. आम्हीही म्हटलं. नवा मागवला, बसवला, आकडा तोच. तो डुप्लिकेट असेल म्हणून सियागंजातून दुसरा आणला, आकडा तोच. मिलच्या केसमुळे बारा वर्षं कोर्टाच्या चकरा मारतो आहे, पण तीन साक्षीदारांत एवढी एकी मी कुठे पाहिली नाही. मग हवेचा फिल्टर बदलला. इंजेक्टर धुतले. पेट्रोलचा दाब मोजला. इंजिनात हवा ओढणाऱ्या सगळ्या रबरी नळ्यांवर साबणाचं पाणी फिरवलं, कारण एखादी नळी फाटली असेल तर फालतू हवा आत जाते. एकही फाटलेली नाही. बॅटरीची वायर काढली तर कंप्यूटर सगळं विसरून शून्यावर येतो आणि गाडी फुलासारखी चालते. आम्ही दोघं खूश होऊन चहा सांगतो, चहा येईपर्यंत सेन्सर गरम होतो, आणि आकडा पुन्हा चढायला लागतो, पाच, नऊ, चौदा. आणखी एक चमत्कार असा की उभ्या गाडीत आकडा पंचवीस, आणि ॲक्सिलेटर दाबून ठेवला की सहा-सातवर येतो. हरी म्हणाला, 'भिया, ही तर आपल्या मिलच्या युनियनसारखी आहे, जोरात पळवली की चूप, जरा थांबली की मांगण्या.' मला हसू आलं नाही.

मंगळवारची हकिगत सांगण्यासारखी नाही, पण तुम्ही म्हणता पत्रात काही लपवू नये. बॅटरी काढून, गाडी शून्यावर आणून, चहा यायच्या आत मी हृषीकेशजींना ट्रायलला घेऊन निघालो. विचार असा की शहाणपणाची जी दहा मिनिटं आहेत तेवढ्यात त्यांना ऑफिसला पोचवायचं. (हा लबाडपणा झाला. कबूल.) पण वाटेत वरात आडवी आली. बँड, दिव्यांच्या छत्र्या धरलेली माणसं, घोडीवर पांढऱ्या शेरवानीतला नवरदेव. दहाची बारा मिनिटं झाली, पंधरा झाली, आकडा चढत गेला आणि गाडी थरथरायला लागली. बंद पडू नये म्हणून मी ॲक्सिलेटर झटक्यानं दाबला. एव्हाना वरात आमच्या बाजूनं मागे सरकली होती आणि नवरदेव बरोबर सायलेन्सरच्या मागे आला होता. काकाजी, तो धूर एकदम निघाला. घोडी शिंकली. बँड वाजायचा थांबला. मागे बसलेला हरी उतरून रुमालानं नवरदेवाची शेरवानी पुसायला लागला, रुमाल अर्थातच गॅरेजातला होता. वरातीला सामोरे आलेले नवरीकडचे लोक कसेबसे हसत होते, नवरदेवाकडचे हसत नव्हते. हृषीकेशजी खाली मान घालून बसले होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, 'पंचशीलजी, निदान शनिवारपर्यंत निदान व्हावं.' 

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. मी मनाशी म्हणतो, पंचशील, तू अशा मशीनचा माणूसच नाहीस. तू जुन्या मशीनचा माणूस. पण खरं पाहिलं तर जुन्या मशीननंही मला काही कमी फसवलेलं नाही. एक गोष्ट तुम्हांला कधी सांगितली नव्हती, लाजेनं. चौऱ्याऐंशी साली रिंग खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे, दमटपणा सांभाळण्याचं काम माझ्याकडे होतं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून मीटर पाहायचं आणि कमी असेल तर पाण्याच्या फवाऱ्याची हवा वाढवायची. एका आठवड्यात मीटर सारखं कोरडं दाखवायला लागलं. मी फवारा वाढवला. तरी कोरडं. आणखी वाढवला. बाया-बाप्ये ओले झाले, भिंतींना पाणी सुटलं, सूत चिकटून रुळांना गुंडाळायला लागलं, आणि मी मीटरकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होतो की हवा कोरडी आहे. तीन दिवसांनी एका म्हाताऱ्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, मीटरच्या मागच्या खिडकीची फुटलेली काच दाखवली. बाहेरची कोरडी हवा नेमकी मीटरवर येत होती. मीटर बिचारं खरं बोलत होतं, पण खात्याची नव्हे, खिडकीची हवा सांगत होतं. त्यानं काचेच्या जागी पुठ्ठा लावला आणि एका तासात सगळं सरळ झालं. खात्याचे मास्तर मला जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सांगायचा मुद्दा असा की मी तेव्हाही मठ्ठ होतो आणि आजही आहे.

तर काकाजी, तुम्ही असतात तर काय केलं असतंत, ते कळवा. पत्र पोचेपर्यंत शनिवार होऊन गेलेला असेल, हे मला कळतं. तरी कळवा. काल हरी गेल्यावर गॅरेजात एकटाच त्या गाडीच्या मडगार्डवर बसलो होतो आणि मला रडू आलं. सेहेचाळिसाव्या वर्षी आता तिसरा धंदा शिकायचं बळ माझ्यात नाही.

काकीला नमस्कार.

आपला, तेव्हा आज्ञेत न राहिलेला पुतण्या,
पंचशील

ता.क. (शुक्रवार) : काल पत्र टाकलं नाही. तुमच्या लाल शाईच्या भीतीनं रात्रीच्या जेवणानंतर पहिल्यांदा वाचलं, ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. आज सकाळी दुसऱ्यांदा वाचताना फुटलेल्या काचेपाशी आलो आणि तिथेच थांबलो. चहा तसाच टाकून गॅरेजात गेलो. हरी आला होता. इंजिन गार होतं, तेच हवं होतं, नाहीतर कापूस पेटला असता. मिलमध्ये वारा कुठून शिरतो ते पाहायला आम्ही कापसाचा पुंजका धरत असू. हरीनं पिंजलेल्या कापसाचा पुंजका आणला (त्याच्या घरात अजून मिलचा कापूस निघतो, उशीत), गाडी सुरू केली, आणि मी तो मॅनिफोल्डच्या कडेनं हळूहळू फिरवत नेला. पहिल्या तोंडापाशी काही नाही, दुसऱ्यापाशी काही नाही. तिसऱ्याच्या खाली पुंजका थरथरला आणि त्याचं टोक आत ओढलं गेलं.

तिथे पॅकिंग जळून नखाएवढी फट पडली होती. त्या फटीतून बाहेरची हवा धुराच्या नळीत शिरत होती आणि सरळ सेन्सरच्या तोंडावर जात होती. सेन्सर खरं बोलत होता, पण इंजिनाची नव्हे, फटीची हवा सांगत होता. कंप्यूटर त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओतत होता. गाडी पळवली की धुराच्या दाबानं फटीतून हवा कमी शिरायची, म्हणून आकडा उतरायचा. आणि ती पॅकिंग कोणाची, ते तुम्ही ओळखलंच असेल. वाफेच्या नळाला ती शीट पंधरा वर्षं टिकते. इंजिनाचा धूर वाफेच्या कितीतरी पट गरम असतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मिलच्या फिटरशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. बाजारातली पत्र्याची पॅकिंग आणून बसवली. एका तासात आकडा अधिक दोन. तीन सेन्सरांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

ता.क. (शनिवार) : पत्र अजून खिशातच आहे. गाडी देताना हरीनं मला कोपऱ्यात नेलं. म्हणाला, 'भिया, सांगून दे ना की सेन्सर खराब होता. दोन-दोन बदललेच आहेत, झूट तरी कुठे आहे त्यात?' मी पाच मिनिटं विचार केला. (पाच मिनिटं खरंच केला, हेही लपवत नाही.) मग हृषीकेशजींना सगळं सांगितलं. पॅकिंग मी बसवली होती, चुकीची होती, तुमची गाडी माझ्यामुळे आजारी पडली, नवरदेवाचं तोंडही माझ्यामुळेच काळं झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. गाडी चालवून पाहिली, फारच छान आहे म्हणाले. म्हणाले, तुमच्या प्रामाणिकपणाचं मला मनापासून कौतुक वाटतं. आणि संध्याकाळी फोन आला की अकरा गाड्या शोरूमकडे गेल्या. त्यांना वर उत्तर द्यावं लागतं, आणि ज्यानं स्वतःच चूक कबूल केली त्याच्यासाठी ते कसे भांडणार. त्यांचंही बरोबर आहे. फोन ठेवताना ते म्हणाले, 'गेटसाठी मात्र मी तुमचंच नाव सांगितलं आहे. तिथे असाच सच्चा माणूस हवा.'

शोभना उठली. तिनं खिळ्यावरचा युनिफॉर्म काढून इस्त्री केली. मला फार वाईट वाटलं, काकाजी.

ता.क. (मंगळवार, २५ नोव्हेंबर) : आठवडा झाला, मी गेटवर आहे. गॅरेज हरी सांभाळतो, रविवारी मी जातो. गेटवर एक रजिस्टर आहे, त्यात गाडीचा नंबर, येण्या-जाण्याची वेळ आणि शेवटी 'शेरा' असा रकाना. आधीच्या चौकीदारानं तो चार वर्षं कोरा ठेवला होता. मला कोरा रकाना बघवत नाही. गाडी फाटकातून जाताना जो वास येतो तो मी शेऱ्यात लिहितो. 'प्लग पाहावेत.' 'ऑइल जळते.' 'चार नंबरची गाडी, कच्चे पेट्रोल, सेन्सर बदलू नये, कापूस धरून पॅकिंग पाहावी.' काल शोरूमचे टायवाले इंजिनियर आले, हृषीकेशजींनी त्यांना रजिस्टर दाखवलं. या इंजिनियरांनी चार नंबरचा सेन्सर आधीच दोनदा बदलला होता. आज सकाळी ते माझ्या केबिनशी आले आणि हळू आवाजात विचारलं, 'अंकल, कापूस कुठे मिळेल?' मी हरीचा पत्ता दिला.

आता एक काम आहे. वर दुसऱ्या परिच्छेदात पट्ट्याचा विषय नाही असं लिहिलं आहे, ते खोडावं. युनिफॉर्मची पँट माझ्या मापाची नाही, एजन्सीकडून पट्टा मिळत नाही, आणि सध्या मी ती सुतळीनं बांधून वर शर्ट सोडतो. साहेब लोकांना सलाम करताना हात वर गेला की शर्टही वर जातो. तुम्ही म्हणाला होता की मिल बंद पडेल त्या दिवशी मागायला ये. मला बारा वर्षं उशीर झाला आहे. तो पितळी बक्कलचा पट्टा अजून भिंतीवर असेल तर पाठवा. या पत्रातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून त्यातच गुंडाळा, म्हणजे एका पार्सलात दोन्ही येतील. बक्कल मी रोज घासीन.

भोकं कुठे पाडायची त्यासाठी कमरेचं माप सोबत पाठवतो आहे, दोऱ्याच्या तुकड्यावर. दोन्ही टोकांना गाठी मारल्या आहेत. सूत आपल्या मिलचं आहे, काकाजी. ताणून पाहा, तुटणार नाही.